चिनी शाईपेन रोजच्या वापरात: खानदेशातील नवख्यांसाठी पायरीपायरीने

दोन-तीनशे रुपयांचे चिनी शाईपेन पहिल्यांदा हातात घेणाऱ्या माणसाला दोनपैकी एक अनुभव येतो. एक तर ते इतके सुरेख चालते की इतकी वर्षे आपण बॉलपेन का दाबत बसलो असे वाटते. नाहीतर ते ओळीच्या मध्येच कोरडे पडते आणि आठवडाभरात कपाटाच्या खणात जाऊन बसते. दुसरा अनुभव आलेली माणसे मला जळगाव आणि धुळ्यात जास्त भेटली आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे पेन मुळीच बिघडलेले नव्हते. ते पूर्ण तयार झालेले नव्हते, इतकेच. महागड्या पेनाच्या किमतीत निब तपासण्याची, घासण्याची आणि लिहून पाहण्याची मजुरी धरलेली असते. स्वस्त पेनाच्या किमतीत ती मावत नाही, म्हणून शेवटचा हात आपल्याला फिरवावा लागतो. तो कसा फिरवायचा, आणि मग ते पेन आपल्याकडचा कोरडा उन्हाळा, बोअरचे पाणी आणि दोनशे पानी वहीचा कागद या तिन्हींशी कसे जुळवून घ्यायचे, हे मी माझ्या रोजच्या वापरावरून पुढे मांडले आहे.

पहिली पायरी: पेन निवडणे

खानदेशाला चिनी पेन नवे नाही. माझे वडील शिक्षक होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पोलादी टोपणाचे हिरो पेन कायम लावलेले असे. शांघायमध्ये १९३१ साली सुरू झालेल्या या कारखान्याचे हिरो ६१६ हे पेन भारतात घरोघरी पोचले होते. त्याचा आकार १९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर ५१ वरून घेतलेला आहे. निबवर प्लास्टिकचे आवरण असते, फक्त टोक बाहेर दिसते, आणि आत रबरासारखी पिशवी असते, जी पट्टी दाबून भरायची. झाकलेली निब लवकर वाळत नाही, हा आपल्या हवेत मोठा गुण आहे. मात्र तिच्यात काही दोष असला तर तो बाहेरून दिसत नाही आणि दुरुस्त करणेही अवघड जाते. शिवाय ६१६ च्या नकला इतक्या झाल्या आहेत की खरे कोणते हे नवख्याला ओळखता येत नाही. म्हणून मन कितीही ओढले तरी पहिले पेन म्हणून ते घेऊ नये, दुसरे किंवा तिसरे म्हणून घ्यावे.

पहिले पेन उघड्या निबचे, प्लास्टिकचे, हलके आणि कन्व्हर्टर (पेनाच्या आत बसणारी, दट्ट्याने शाई ओढून घेणारी सुटी नळी) असलेले असावे. जिनहाओ ८२ हे या वर्णनात नेमके बसते. त्याचे टोपण फिरवून लावायचे असते, त्यामुळे ते खिशात आपोआप निघत नाही. लहान मुलांसाठी घेणाऱ्यांना शार्क माशाच्या टोपणाचे जिनहाओ हमखास आवडते. धातूच्या पेनांत जिनहाओ एक्स ७५० चांगले आहे आणि त्याची मोठी निब पुढे बदलताही येते. जिनहाओ १५९ हे जाडजूड पेन दिसायला भारदस्त आहे, पण ते सुमारे ५० ग्रॅम भरते, आणि दिवसभर रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला ते संध्याकाळी जाणवते. सही करण्यापुरते ठेवायचे असेल तर अवश्य घ्यावे. जास्त शाई मावणारे हवे असेल तर विंग संग ३००८ किंवा ६९८ ही दट्ट्याची पारदर्शक पेने आहेत. शाई किती उरली हे डोळ्यांनी दिसत असल्याने प्रवासात त्यांचा विश्वास वाटतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. अनेक चिनी पेनांचा आकार प्रसिद्ध पेनांवरून उचललेला असतो, आणि त्याबद्दल प्रत्येकाने आपले मत ठरवावे. पण ज्या पेनावर दुसऱ्याचेच नाव किंवा चिन्ह कोरलेले असेल, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. स्वतःचे नाव लावून विकणाऱ्या कारखान्याचेच पेन घ्यावे.

निबची जाडी निवडताना देवनागरीचा विचार आधी करावा. इंग्रजी अक्षरे मोकळी असतात. आपल्याकडे ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ अशी गाठ मारलेली अक्षरे येतात, वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि हे सगळे वहीच्या दोन रेघांत बसवायचे असते. जाड निबने ‘म’ आणि ‘भ’ यांच्या गाठी भरून जातात, ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक उरत नाही. त्यामुळे ‘एफ’ (फाइन) किंवा त्याहून बारीक ‘ईएफ’ (एक्स्ट्रा फाइन) निब घ्यावी. चिनी पेनांवर ती बऱ्याचदा ०.३८ मिलिमीटर अशी नोंदलेली असते. ही निब आपल्या लिपीसाठी जणू मुद्दाम केल्यासारखी चालते, आणि माझ्या मते स्वस्त चिनी पेनांचा मराठी माणसाला सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

काही जण पेन घेतात ते बोरूसारखे वळणदार अक्षर येईल या आशेने. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते पाहिली, तर अक्षराचा जो जाड-बारीकपणा डोळ्यांत भरतो, तो बोरूच्या तिरप्या कापलेल्या टोकामुळे आलेला असतो. शाईपेनाच्या टोकावर मात्र गोल मणी असतो आणि तो सर्व दिशांना सारखीच रेघ ओढतो. तो जाड-बारीकपणा थोडाफार हवा असेल, तर टोक वर वाकवलेली ‘फुडे’ निब काही चिनी पेनांत मिळते. पेन उभे धरले की रेघ बारीक येते, आडवे धरले की जाड. शीर्षके आणि पाकिटावरचे पत्ते लिहायला ती छान आहे, पण तिने रोजचे टिपण लिहू नये.

दुसरी पायरी: शाई भरण्याआधी धुणे

कारखान्यातून आलेल्या पेनाच्या आत, विशेषतः निबच्या खालच्या काळ्या जिभेत, तेलकट अंश राहिलेला असतो. जिभेतील बारीक खाचांतून शाई खाली उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते; खाचेला तेल असले की शाई तिला धरत नाही आणि लिखाण मध्येच तुटते. नव्या पेनाच्या तक्रारींपैकी निम्म्याअधिक तक्रारी नुसत्या धुण्याने जातात, असा माझा अनुभव आहे.

वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकावा. निब त्यात बुडवून कन्व्हर्टरने पाणी आठ-दहा वेळा आत घ्यावे आणि बाहेर सोडावे. मग साध्या पाण्याने फेस पूर्ण जाईपर्यंत तेच करावे, कारण साबणाचा अंश उरला तर शाई कागदावर पसरते. उकळते पाणी, स्पिरिट किंवा थिनर वापरू नये. त्याने प्लास्टिक तडकते. शेवटचे पाणी बोअरचे नसावे. आपल्याकडच्या अनेक गावांत बोअरचे पाणी इतके जड असते की भांड्यावर पांढरा थर धरते, आणि तोच थर जिभेच्या खाचांतही धरतो. शेवटची धुणी आरओ मशीनच्या पाण्याने किंवा बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करावीत. नंतर निब खाली करून पेन सुती फडक्यावर रात्रभर ठेवावे.

तिसरी पायरी: भिंगातून निब पाहणे

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच पेनाबद्दलचे मत खराब होते. दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. जळगावात राहणाऱ्याला त्याची अडचण नाही. सराफ बाजारात हिरे-मोती पाहायला वापरतात तेच भिंग चालते, आणि ओळखीच्या सराफाकडे पाच मिनिटे मागितले तरी काम होते.

निब समोरून, टोक आपल्या डोळ्याकडे करून पाहावी. टोकावरचा मणी मधल्या चिरेने दोन भागांत विभागलेला दिसतो. हे दोन्ही भाग एकाच पातळीत असायला हवेत. एक वर आणि एक खाली असेल, तर खालचा भाग कागदाला ओरबाडतो. ‘पेन खरखरते’ असे आपण म्हणतो त्याचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते. मग खाली गेलेले पाते अंगठ्याच्या नखाने अगदी हलके वर उचलून दोन सेकंद धरावे आणि पुन्हा पाहावे. एकदम जोर करू नये. पोलादी पाते परत येते, म्हणून तीन-चार वेळा थोडे थोडे करावे लागते. घाईने वाकवलेली निब सरळ करता येत नाही, हे मी एक निब गमावून शिकलो.

नंतर निब वरून पाहावी. चीर छिद्रापासून टोकाकडे हळूहळू निमुळती होत गेली पाहिजे. टोकाजवळ ती पूर्ण बंद दिसली तर शाई कमी उतरेल. अशा वेळी अतिशय पातळ पितळी पत्रा चिरेतून एक-दोनदा अलगद ओढून घ्यावा. ब्लेड वापरू नये, त्याने चिरेच्या कडा कापल्या जातात.

पॉलिश पेपरने निब घासण्याचा मोह नवख्याने टाळावा. टोकावरचा कठीण मणी फार लहान असतो. तो घासून गेला की निब संपली. दोन्ही भाग एका पातळीत आणले की घासण्याची गरज बहुधा उरतच नाही.

चौथी पायरी: शाई

शाईच्या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे. पहिले सहा महिने साधी रॉयल ब्लू शाई वापरावी. दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेली कॅमलिन कंपनीही १९३१ सालचीच, आणि तिची निळी शाई आजही तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. रॉयल ब्लू शाई पातळ आणि सौम्य असते, पेनातून सहज धुऊन निघते, आणि पेन महिनाभर विसरले तरी पुन्हा जिवंत होते. तिचा अवगुण असा की ती पाण्याने जाते आणि उन्हात फिकी पडते. त्यामुळे चेक, करारनामा, सात-बाऱ्याचे अर्ज किंवा जपून ठेवायची कागदपत्रे तिने लिहू नयेत. तिथे कायमस्वरूपी शाई लागते, आणि तिच्यासाठी वेगळे पेन ठेवावे, जे आपण दर दोन आठवड्यांनी न चुकता धुऊ.

ड्रॉइंगसाठी मिळणारी वॉटरप्रूफ काळी शाई शाईपेनात कधीही घालू नये. तिच्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो. ती जिभेत वाळली की पाण्याने सुटत नाही आणि पेन फेकून द्यावे लागते. दौतीवर ‘फाउंटन पेन इंक’ असे लिहिलेले असेल तरच घ्यावी. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत. त्यांचा साका बसू शकतो.

भरताना निब पूर्ण बुडली पाहिजे, नुसते टोक नव्हे, कारण शाई जिभेच्या मागच्या भागातून आत शिरते. दट्ट्या सावकाश वर घ्यावा, पाच सेकंद थांबावे, मग निब बाहेर काढावी. शेवटी दोन-तीन थेंब दौतीत परत सोडून दट्ट्या पुन्हा थोडा वर घ्यावा. त्याने जिभेतली जास्तीची शाई आत ओढली जाते आणि पहिल्याच ओळीवर डाग पडत नाही. हिरोसारख्या पेनात पट्टी पाच-सहा वेळा दाबावी आणि प्रत्येक दाबानंतर थांबावे, कारण पिशवीला फुगायला वेळ लागतो.

पाचवी पायरी: हात बदलणे

बॉलपेनने आपल्या हाताला दाबण्याची सवय लावलेली असते. शाईपेनात शाई स्वतः उतरते. आपण फक्त टोक कागदावरून न्यायचे असते. पेन कागदाशी साधारण ४५ अंशांत धरावे, निबची वरची बाजू आकाशाकडे असावी, आणि पेन बोटांत फिरू देऊ नये, नाहीतर मण्याचा एकच भाग कागदाला लागतो आणि रेघ तुटते.

पेनाची परीक्षा घेण्यासाठी ओळभर लांब शिरोरेषा एका दमात ओढून पाहावी. अशा दहा शिरोरेषा एकाखाली एक ओढाव्यात. दहावी पहिलीइतकीच गडद असेल तर शाईचा प्रवाह ठीक आहे. मध्येच फिकी पडत असेल तर पुन्हा धुवावे आणि भिंगातून चीर पाहावी. मोडी लिहिणाऱ्यांनी तर ही परीक्षा जरूर घ्यावी, कारण मोडीत हात न उचलता लिहीत जायचे असते आणि प्रवाह जराही अडखळला की सगळी ओळ बिघडते. डावखुऱ्यांनी लवकर वाळणारी शाई आणि बारीक निब घ्यावी, म्हणजे ओल्या अक्षरांवरून हात फिरला तरी ती कमी फिसकटतात.

पहिला महिना रोज अर्धे पान तरी लिहावे, विषय कोणताही चालेल. मी या पेनांनी आजीकडून ऐकलेल्या अहिराणी ओव्या एका वहीत उतरवून काढल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची गाणी घरातल्या माणसांनी कागदावर उतरवली म्हणून आपल्यापर्यंत पोचली, हे आपल्या भागात शाळकरी मुलालाही माहीत असते. तसे काही काम हाताशी असले की पेन रोज चालते, आणि रोज चालणारे पेन कधी अडत नाही.

कागदाबद्दल थोडे. स्वस्त वहीच्या कागदावर शाई फुटते, म्हणजे रेघेला मुळे फुटल्यासारखी दिसतात, आणि मागच्या पानावर उमटते. ७० ग्रॅम (जीएसएम) किंवा त्याहून जाड कागदाची वही घ्यावी. दिवाळीत वहीपूजनासाठी व्यापारी घेतात त्या लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्यांत पूर्वीपासून शाईचे लिखाण झेलणारा लेजर कागद वापरला जातो. तसा कागद असलेली वही मिळाली तर ती शाईपेनासाठी घ्यावी. घेण्याआधी दुकानदाराच्या परवानगीने शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहून पाहावे.

सहावी पायरी: चैत्र ते ज्येष्ठ

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा शाईपेनाला दोन त्रास होतात, आणि त्यांची कारणे वेगवेगळी असल्याने उपायही वेगवेगळे आहेत.

पहिला त्रास गळण्याचा. पेनातील शाईच्या वर जी रिकामी जागा असते तिथे हवा असते, आणि ती तापली की फुगून शाईला खाली ढकलते. घरातल्या २५ अंशांतून बाहेरच्या ४५ अंशांत गेल्यावर हवा जवळपास ७ टक्क्यांनी फुगते. कन्व्हर्टरमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. ती निम्मी संपली असेल तर बाहेर ढकलली जाणारी शाई अर्ध्या थेंबाइतकीच असते आणि जिभेच्या खाचा ती सामावून घेतात. पण ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात तीन मिलिलिटर मावत असतील आणि ते निम्मे रिकामे असेल, तर तोच हिशेब दोन थेंबांवर जातो, आणि दोन थेंब सदरा खराब करायला पुरतात. म्हणून उन्हाळ्यात कन्व्हर्टरचे पेन वापरावे; दट्ट्याचे किंवा ड्रॉपरचे असेल तर ते एकतर पूर्ण भरलेले न्यावे किंवा पूर्ण रिकामे. मोटरसायकलवर किंवा एसटीत पेन नेहमी निब वर करून खिशाला लावावे. उतरल्यावर टोपण लगेच उघडू नये. पाच मिनिटे सावलीत निब वर ठेवूनच थांबावे आणि मग उघडावे. दुपारी उभ्या असलेल्या गाडीत पेन कधीही ठेवू नये.

दुसरा त्रास वाळण्याचा. आपला उन्हाळा दमट नाही, कोरडा आहे. टोपण उघडे ठेवून दोन मिनिटे कोणाशी बोललो तरी टोकावरची शाई वाळते. बोलताना टोपण लावण्याची सवय लावून घ्यावी. टोपण लावूनही सकाळी पेन अडत असेल तर टोपणातून हवा जात आहे असे समजावे. ते तपासायचे तर टोपण स्वच्छ धुऊन, मोकळ्या बाजूने ओठांशी धरून हलकी फुंकर घालावी. हवा कुठून तरी निघून गेली तर तिथे फट आहे. क्लिपच्या खाचेजवळ बहुधा ती सापडते, आणि आतून मेणाचा एक थेंब सोडला की बंद होते. शाईची दौतही उन्हाळ्यात खिडकीत ठेवू नये, कारण पाणी उडून शाई दाट होते आणि दाट शाई बारीक निबमधून नीट उतरत नाही.

सातवी पायरी: महिन्याची निगा

दर महिन्याला एकदा, किंवा शाईचा रंग बदलताना, पेन स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. जिनहाओच्या मोठ्या निबच्या पेनांत निब आणि जीभ दोन्ही ओढून काढता येतात; रबराच्या तुकड्याने दोन्ही एकत्र धरून सरळ ओढावे, पिळू नये. परत बसवताना जीभ निबच्या बरोबर मध्यभागी येईल हे पाहावे. दट्ट्या जड फिरायला लागला तर सिलिकोन ग्रीसचा टाचणीच्या टोकाइतका अंश लावावा. खोबरेल तेल, व्हॅसलिन किंवा शिवणयंत्राचे तेल लावू नये. त्याने रबरी कडी फुगते किंवा झिजते आणि तेल शाईत उतरून पुन्हा पहिल्या दिवसाचाच त्रास सुरू होतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त गावाला जायचे असेल तर पेन रिकामे करून, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावे. शाई भरलेलेच विसरून राहिले आणि परत आल्यावर ते मुळीच लिहीत नसेल, तर निबकडचा भाग एक रात्र साध्या पाण्यात बुडवून ठेवावा, सकाळी पाणी बदलावे आणि निळा रंग यायचा थांबेपर्यंत हेच करत राहावे. रॉयल ब्लू शाई असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पेन चालू लागते.